घरचा कुत्रा आणि दारचा माणूस



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला कार्यकर्ता उभा राहिला, की तो बोनस, महागाई भत्ता नाही तर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. आज त्यांची थोडी निराशा होणार आहे. आम्ही आज कुत्र्यावर बोलणार आहोत. आणि तेही त्याच्या इमानावर नव्हे, तर चारचौघांत जिचे नाव काढायला माणसे संकोचतात अशा त्याच्या एका सवयीवर. पाळलेला कुत्रा घरात आलेल्या माणसाच्या पायाला पुढच्या दोन पायांनी मिठी घालतो, अंगावर चढतो आणि कंबर हलवू लागतो. घरची माणसे मग हसतात, ओरडतात किंवा घाईघाईने विषय बदलतात. या तिन्ही उपायांनी सवय जात नाही. उलट पहिल्या दोहोंनी ती पक्की होते. ते का, हे पुढे येईलच.

हा विषय आमच्याकडे आला तो घरकामगार बायकांच्या संघटनेतून. आमच्या सभासद बायकांपैकी एकजण चार घरची धुणीभांडी आणि केरफरशी करीत असे. त्यांपैकी एका घरी कुत्रा होता. ही बाई फरशी पुसायला उकिडवी बसली, की तो मागून येऊन तिच्या पाठीवर चढे. घरातली तरुण मंडळी हसत आणि म्हणत, "मावशी, तुम्ही त्याला फार आवडता बरं का!" बाईला हसताही येईना आणि कुत्र्यावर हात उगारताही येईना, कारण कुत्रा मालकाचा आणि पगारही मालकाचा. चार महिने तिने हे सोसले. एके दिवशी फडक्याच्या दांडीने तिने कुत्र्याला बाजूला ढकलले. तो केकाटला, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नये असा निरोप तिला मिळाला. महिन्याचे वीस दिवस भरले होते. पैसे मात्र एका दिवसाचेही मिळाले नव्हते.

आम्ही त्या घरी बोलणी करायला गेलो. गृहस्थ दुष्ट नव्हता. कुत्र्याच्या या खोडीने तोही त्रासला होता. त्याने त्याला मारून पाहिले होते, कोंडून पाहिले होते, आणि शेवटी हसण्यावारी नेले होते. वीस दिवसांचे पैसे त्याने दिले, बाईला परत बोलावले आणि तिच्या कामाच्या वेळी कुत्रा दुसऱ्या खोलीत राहील असे कबूल केले. तडजोड झाली, परंतु प्रश्न तेवढ्याने संपला नाही. कारण वॉचमन, गॅसचे सिलिंडर आणणारा, पार्सल पोचवणारा पोरगा, रुग्णाची सेवा करायला येणारी बाई, या सगळ्यांना अशा दारांतून रोज आत जावे लागते. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आम्ही नेहमीच्या वाटेने गेलो. पुस्तके काढली, जनावरांच्या डॉक्टरांना भेटलो, कुत्री पाळणाऱ्यांना प्रश्न विचारले. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही, की हे चढणे म्हणजे केवळ कामवासना, असे आपण समजतो ते बरोबर नाही. काही आठवड्यांची पिल्ले खेळता खेळता एकमेकांवर चढतात. त्या वयात वासना जागी व्हायची असते. मादीही चढते. नसबंदी झालेला नरही चढतो. कुत्री कुत्र्यांवर चढतात, माणसांच्या पायांवर चढतात, उशीवर आणि लोडावरही चढतात. एकच कृती, पण तिच्यामागची कारणे निरनिराळी. कामगार कामावर आला नाही तर तो आजारी असेल, त्याची बस चुकली असेल, किंवा त्याने संप केला असेल. गैरहजेरी एकच, पण कारण न पाहता सगळ्यांना एकच नोटीस देणारा मॅनेजर शहाणा म्हणता येत नाही. कुत्र्याच्या बाबतीतही तेच आहे.

ही कारणे ढोबळमानाने पाच सांगता येतील. पहिले कारण उत्तेजना. पाहुणे आले, दाराची घंटा वाजली, मुले धावू लागली, की कुत्र्याच्या अंगात इतका उत्साह मावत नाही आणि तो या वाटेने बाहेर पडतो. पाळीव कुत्र्यांत हे कारण फार वेळा आढळते. दुसरे, खरीखुरी वासना. वयात आलेला नर असेल आणि आसपास एखादी कुत्री माजावर आलेली असेल, तर तिचा वास त्याला दुरूनही लागतो. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि तो काळ सुमारे तीन आठवडे चालतो. भाद्रपदातल्या कुत्र्यांविषयी आपल्या बोलीत जे बोलले जाते ते उगाच नव्हे. तिसरे, भीती आणि ताण. घर बदलले, नवे मूल आले, घरात भांडण झाले, की अस्वस्थ जनावर काहीतरी करून तो ताण मोकळा करते. आपल्यातला कोणी पाय हलवतो, कोणी नखे खातो. तशातलाच हा प्रकार. चौथे, शिकलेली सवय, आणि ती बहुधा आपणच शिकवलेली असते. पाचवे, दुखणे.

आणखी एक समजूत आहे, ती आधी बाजूला करतो. पुष्कळ लोक सांगतात, की कुत्रा अंगावर चढतो तो तुमच्यावर सत्ता गाजवण्यासाठी; त्याला घरचा मालक व्हायचे आहे; तेव्हा त्याला उताणा पाडा, मानेला धरा आणि मालक कोण ते दाखवा. ही कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने १९४७ साली बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिले. पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या त्या लांडग्यांत वरचढपणासाठी झगडे चालत. पुढे अमेरिकेतले डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकाने ही 'म्होरक्या'ची कल्पना सर्वदूर नेली. परंतु मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर १९९९ साली याच मेक यांनी लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते: आईबाप आणि त्यांची पोरे. त्यात मालकीसाठी सततचा झगडा नसतो. स्वतःच्याच पुस्तकातली कल्पना उघडपणे मागे घेणारा विद्वान विरळा, म्हणून हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना यात आश्चर्य वाटले नाही. कोंडून ठेवलेले आणि एकमेकांच्या अंगावर ढकललेले जीव भांडतात, हे आम्ही चाळीतल्या नळावर आणि कारखान्याच्या गेटवर पाहिलेले आहे. आणि ज्याला मालकी गाजवायची सवय असते त्याला सगळीकडे बंडच दिसू लागते, हेही पाहिलेले आहे. आपल्या पायाशी आलेला कुत्रा तुमची गादी बळकावायला आलेला नाही. तो बहुधा फक्त बेभान झालेला असतो. त्याला पाडून, दाबून धरले तर तो भितो. आणि भ्यालेला कुत्रा चावतो. मग चावा कोणाला बसतो? दाबून धरणाऱ्या मालकाला बसू शकतो. तसाच तो घरातल्या लहान मुलाला, नाही तर दारात आलेल्या परक्या माणसालाही बसू शकतो.

आता उपायांकडे वळू. उपायाच्या आधी वही हवी. संघटनेत तक्रार आली, की आम्ही विचारतो: तारीख कोणती, वेळ कोणती, त्याआधी काय घडले, समोर कोण होते? हीच वही कुत्र्यासाठी आठवडाभर ठेवा. तो कोणावर चढला, केव्हा चढला, आधी काय झाले आणि नंतर घरच्यांनी काय केले, ही चार उत्तरे लिहा. आठवड्याच्या शेवटी बहुधा आपोआप दिसेल, की संध्याकाळी सहा वाजता घंटा वाजल्यावरच हे घडते, किंवा एकच विशिष्ट पाहुणा आला की घडते, किंवा दिवसभर घरात बांधून ठेवल्यावर घडते. कारण दिसले की अर्धे काम झाले.

दुसरे, सवय शिकवली कशी जाते ते समजून घ्या. अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना खोक्यांत ठेवून प्रयोग केले आणि दाखवून दिले, की ज्या कृतीनंतर जनावराला हवे ते मिळते ती कृती ते पुन्हा करते. एवढेसे साधे तत्त्व. पण आपल्या घरात ते रोज उलटे लागू होते. कुत्रा गप्प पडून असतो तेव्हा त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो पाहुण्याच्या पायावर चढला, की सगळे घर धावते. कोणी हसते, कोणी त्याचे नाव घेऊन ओरडते, कोणी त्याला ओढते. कुत्र्याच्या दृष्टीने ही जत्राच. घरातल्या आजी बिस्किट दाखवून त्याला खाली उतरवतात. कुत्र्याने त्यातून काय घ्यायचे? चढले की बिस्किट मिळते, हेच. आजींचा हेतू चांगला, पण धडा भलताच.

म्हणून कुत्रा चढला तर हसू नका, ओरडू नका, मारू नका. ज्याच्या पायावर तो आहे त्याने शांतपणे उभे राहावे, पाय सोडवून बाजूला व्हावे आणि त्याच्याकडे पाठ करावी. घरच्या माणसाने त्याला हाक मारून दूर घ्यावे. हाकेला येत नसेल तर घरातही काही दिवस गळपट्ट्याला हलकी दोरी लावून ठेवावी, म्हणजे अंगाला हात न लावता त्याला बाजूला नेता येते. मात्र दोरी लावलेली असताना कोणाची तरी नजर त्याच्यावर हवी. तरी पुन्हा चढला, तर मिनिट-दोन मिनिटे दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि शांत झाला की परत आणावे. ही शिक्षा नव्हे. चढलो की मौज संपते, एवढेच त्याला कळायला हवे. तासभर कोंडण्यात अर्थ नाही. आपण कशासाठी कोंडलो गेलो, हे तोवर तो विसरलेला असतो.

परंतु नुसते 'हे करू नको' एवढे सांगून भागत नाही. आम्ही कामगारांना नेहमी सांगतो, की मागणी कागदावर स्पष्ट लिहा. नुसता निषेध केल्याने समोरच्याला काय करायचे ते कळत नाही. कुत्र्यालाही त्याच वेळी काय करायचे ते शिकवले पाहिजे. त्याच्यासाठी एक चटई ठरवा. शांत वेळी, घरात कोणी नसताना, त्याला 'जागेवर' म्हटले की चटईवर जाऊन बसायला शिकवा. बसला की खाऊचा लहानसा तुकडा द्या. दोन-चार मिनिटांचे धडे, दिवसातून दोन-तीनदा. हे पक्के झाल्यावर घरच्याच माणसाला बाहेर पाठवून घंटा वाजवायला लावा आणि तेव्हाही त्याला चटईवर बसवा. त्यानंतर मग खरे पाहुणे. येथे वेळेला महत्त्व आहे. आजींचे बिस्किट तेच, पण ते चढल्यावर न देता चढण्याच्या आधी, चटईवर बसल्याबद्दल द्यायचे. तुकडा तोच, धडा मात्र नेमका उलटा.

येथे एकजुटीचा प्रश्न येतो. घरातल्या पाचांपैकी चौघांनी नियम पाळला आणि पाचव्याने कुत्रा चढल्यावर खिदळून दाद दिली, तर चौघांची मेहनत पाण्यात जाते. अधूनमधून मिळणारे बक्षीस सवयीला फार चिवट बनवते. आकडा कधीतरीच लागतो म्हणूनच जुगारी उठत नाही. तसाच हा प्रकार. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दुर्लक्ष करायला लागल्यावर पहिले काही दिवस खोड कमी होण्याऐवजी वाढते. विझताना दिवा मोठा होतो म्हणतात, तसे. पूर्वी मिळणारे लक्ष मिळेना, म्हणून कुत्रा जास्त जोर करतो. पुष्कळ घरे नेमकी येथेच हार खातात आणि 'उपाय चालत नाही' म्हणून सोडून देतात. संपाचा दुसरा आठवडा सर्वांत अवघड असतो, हे ज्यांनी संप केले आहेत त्यांना सांगायला नको.

आणि दिवसाला काम हवे. दिवसभर सज्जात बांधलेला तरणाबांडा कुत्रा संध्याकाळी बेभान झाला, तर त्यात नवल कसले? त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवा आणि फिरवताना वास घेऊ द्या. वास घेणे हे त्याचे वर्तमानपत्र वाचणे आहे. दर पावलाला ते हिसकावू नका. जेवण ताटलीत एकदम न देता थोडे कपड्याच्या घड्यांत, खोक्यात लपवून शोधायला लावा. डोके दमले की अंगही शांत होते. दुसऱ्या कुत्र्यांबरोबर खेळताना तो चढत असेल, तर त्या दुसऱ्याकडे बघा. त्याला त्याचे काही वाटत नसेल आणि खेळ पुढे सरकत असेल तर ढवळाढवळ नको. पण तो गुरगुरत असेल, अंग चोरत असेल, तर आपला कुत्रा हाक मारून बाजूला घ्या; भांडणे तेथूनच सुरू होतात. एखादा कुत्रा एकटाच कधीमधी उशीशी असले चाळे करीत असेल आणि बोलावल्यावर सोडून येत असेल, तर घर बुडाले असे समजण्याचे कारण नाही.

आता नसबंदीविषयी. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे खेड्यात आहेत, आणि खच्ची केलेला बैल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. पण कुत्र्याची शस्त्रक्रिया डॉक्टर पुरती भूल देऊन करतात. तिची भीती बाळगू नये. मात्र तिच्याकडून चमत्काराची अपेक्षाही ठेवू नये. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी १९९७ साली ५७ नर कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंगावर चढणे, जागोजाग मुतणे आणि घर सोडून भटकणे या तीन खोडी शस्त्रक्रियेनंतर ६० टक्के किंवा त्याहून अधिक कुत्र्यांत निम्म्याने तरी कमी झाल्या. परंतु जवळजवळ नाहीशा झाल्या त्या २५ ते ४० टक्के कुत्र्यांतच. म्हणजे वासनेपोटी चढणाऱ्याला गुण येण्याचा संभव चांगला. उत्साहापोटी, भीतीपोटी किंवा सवयीने चढणाऱ्याला मात्र शिकवावेच लागते. शिवाय गुण आला तरी तो कधी लगेच येतो, कधी काही महिने घेतो, आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे नराकडून गर्भधारणा होऊ शकते. वयाचाही विचार आहे. त्याच विद्यापीठाच्या २०१३ सालच्या अभ्यासात गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांत फार लहानपणी नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढलेले आढळले. मोठ्या चणीच्या कुत्र्यांसाठी योग्य वय कोणते, ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या कोपऱ्यावर सोडण्यापेक्षा नसबंदी शतपटीने माणुसकीची, एवढे मात्र कोणी नाकारणार नाही.

डॉक्टरकडे जायचे आणखी कारण म्हणजे दुखणे. कधी न चढणारा कुत्रा एकाएकी चढू लागला, सारखा खालच्या अंगाला चाटू लागला, मुतताना कुंथू लागला, मुतात रक्त दिसले, अंग खाजवून हैराण झाला, तर तो वाह्यात झालेला नसून आजारी असू शकतो. मूत्रमार्गाचा दाह, कातडीची खाज, वयस्क नरांत वाढलेली प्रोस्टेटची गाठ, अशी कारणे निघतात. आणि नराचे इंद्रिय बाहेर आले आणि बराच वेळ आत गेलेच नाही, सुजून लाल-निळे होऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. ते तातडीचे दुखणे आहे. वेळ गेला तर इंद्रिय गमवावे लागते. ज्याला आपण असभ्य म्हणून झाकतो, ते कित्येकदा मुक्या जिवाचे गाऱ्हाणे असते.

आता शेवटी हक्काची गोष्ट. कुत्रा पाळणे हा आपला हक्क आहे. पण त्या हक्काची किंमत दारात आलेल्या माणसाने भरायची नाही. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उलट बाजूने, खोड जात नाही म्हणून कुत्र्याला रस्त्यावर उपाशी सोडून देणे हाही १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण फरशी पुसणाऱ्या बाईच्या पाठीवर कुत्रा चढू नये, हे कोणत्याच कायद्यात लिहिलेले नाही. ते घरातल्या माणसानेच ठरवायचे आहे. काम करणारी बाई येण्याच्या वेळी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवायचे. पार्सल आले की दार उघडण्याआधी दोरी हातात घ्यायची. लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडायचे नाही. आणि 'काही करत नाही तो' हे वाक्य घराबाहेर ठेवायचे. काही करतो की नाही, हे ज्याच्या अंगावर तो चढतो त्याने सांगायचे असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हसायचे नाही. कुत्र्याला त्या हसण्यातून बक्षीस मिळते, म्हणून तर नाहीच. पण त्या घरात एक माणूस असा असतो ज्याला हसण्यात सामील होता येत नाही आणि उठून जाताही येत नाही. कुत्र्याला लाज नसते, कारण त्याने काही लाजिरवाणे केलेलेच नसते. लाज येते ती माणसाला, आणि नेमकी ज्याचा दोष नाही त्या माणसाला. तिची ती लाज दूर करणे चटई, दोरी आणि महिना-दोन महिन्यांचा धीर एवढ्यावर होण्यासारखे आहे. आमच्या तीस वर्षांच्या चळवळीत इतक्या थोड्या खर्चात मान्य होण्याजोगी मागणी आम्ही दुसरी पाहिलेली नाही.

ती मागणी आज आपल्यापुढे ठेवली आहे.